सातवी रेघ वाकडी

डोळ्यांच्या दवाखान्यात शिंपीणकाकू ऑपरेशनच्या भीतीनं हळूच सटकायच्या बेतात होत्या. तेवढ्यात शेजारच्या बाकावर, एका डोळ्याला बँडेज असलेले म्हातारे लेकीशी बोलायला लागले.

"पट्टी सोडल्यावर अंधारच दिसला तर गं?"

"बाबा, जन्मभर सिनेमात अंधारच तर केलात!"

"अंधार नाही, उजेड कापायचो. दिव्यापुढं फळ्या धरून."

"पण तुमचे ते लाडके फिल्म नुआरवाले, जुने विलायती गुन्हेगारीचे सिनेमे एवढे काळोखे का हो?"

"महायुद्धाच्या दिवसांतली रीत ती. सेटला लाकूड मिळेना, मग अर्धी खोली सावलीत ढकलायची. त्यात कितीक दिग्दर्शकही जीव मुठीत धरून आपला मुलूख सोडून पळालेले. त्यांच्या मनातच काळोख."

"आणि त्यांतली बाई नेहमी दगाबाज!"

"बाप्या तरी कुठं धुतल्या तांदळासारखा? धोका दिसत असून आपल्या पायांनी खड्ड्यात जायचा. माझ्यासारखा. दोन वर्षं मोतीबिंदू लपवला तुझ्यापासून."

"आजोबा, हलू नका. पट्टी सोडतेय हं," डॉक्टरीणबाई जवळ येऊन म्हणाल्या. "भिंतीवर काय दिसतंय?"

"...सावल्या. खिडकीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या पडद्याच्या. आडव्या रेघा."

"मोजा बघू."

"बारा. पण सातवी वाकडी आहे! पडदा कुणी लावला हो? आमच्या स्टुडिओत असता तर हाकलला असता."

"बाबा!"

"रडतेस काय वेडे? दिसतंय मला."

काकूंनी भिंतीकडे पाहिलं. त्यांना नुसता राखाडी डाग दिसला. त्यांनी पायांत सरकवलेली चप्पल पुन्हा काढली.

"डॉक्टरीणबाई, आता मला घ्या. ती सातवी मलाही बघायचीय."