अप्पा म्हणले, सी!

न्हाई, पण मी म्हणतो, माणसानं एवढं लांब जावंच कावून? आं? धारूरात भांड्याचं चालतं दुकान हाय, बसायला गादी हाय, बोलायला अख्खा बाजार हाय… पण न्हाई! आमच्या मन्मथअप्पांना जायचं होतं कीतोला! आता कीतो कुठं, असं तुमी इचारणार. तुमाला सांगतो, मला बी कुठं ठाऊक होतं? तिकडं दक्षिण अमेरिकेत इक्वाडोर नावाचा देश हाय, त्याची ती राजधानी. डोंगराच्या पार डोक्यावर बसलीया. आपला धारूरचा घाट चढताना तुमाला धाप लागती ना? तसले घाट एकावर एक रचा अन वर गाव वसवा, ते कीतो! तिथं अप्पांचा राजेश्वर मोटारसायकलीच्या कंपनीत मोठा साहेब. त्यानं आईबापाला हौसेनं बोलवून घेतलं, अन घेतल्या घेतल्या त्याची निघाली मीटिंग! मग काय, शहर दाखवणाऱ्या बसमधी दोघांना बसवून दिलं, झालं, सुटला!

बसवताना पोरगं काय म्हणलं? "अप्पा, गर्दीत खिसा मारत्यात. फोन, पासपोर्ट, पाकीट, सगळं आईच्या पिशवीत ठिवा. अन कुणी काय इचारलं अन कळलं न्हाई, तर नुसतं 'सी' म्हणा. सी म्हंजे हो. लई मायाळू लोक हायेत, सी म्हणलं की खूष!"

इथंच घात झाला बघा. ज्या माणसानं जल्मात कुण्या गिऱ्हाइकाला पहिल्या झटक्यात 'हो' म्हणलं न्हाई, तो माणूस 'हो' एवढा एकच शब्द घेऊन परदेशात निघाला!

बसमधी शांताकाकूला, म्हंजे आमच्या अप्पांच्या मालकीणबाईला, उंचीनं गरगरायलं. तिला गाईडबाईनं पुढं खिडकीपाशी बसवलं, एका गोऱ्या म्हातारीच्या शेजारी. अप्पांना जागा मिळाली पार मागं, शेवटच्या शिटावर. पण अप्पा गप बसतेत व्हय? मागूनच सुरू! "अगं ए, ते बघ, घरं कशी डोंगराला चिकटलीत! अगं ए, बघितलं का? ह्या पायऱ्या आपल्या किल्ल्यावानीच हायेत का न्हाई? अगं ए…" काकूनं काय मागं वळून बघितलं न्हाई. पुढं गाईडबाई माईकवर बोलायली, मागं अप्पा बिनमाईकचं बोलायलेत, अन मधल्या लोकांना कळंना, तिकीट नेमकं कुणाचं काढलंय!

तर पहिल्यांदा नेलं एका चर्चमधी. तुमाला सांगतो, सोनं! भिंतीला सोनं, खांबाला सोनं, छताला सोनं! गाईडबाई पिवळी छत्री उंच धरून पुढं चालली, तिच्या मागं सगळी वरात. आता भांड्याच्या यापाऱ्याला चकाकतं काय दिसलं, तर त्यो पुढं जाईल का? अप्पा थांबले. म्हणले, भरीव हाय का नुसता मुलामा? बोटाच्या पेरानं खांबावर वाजवलं. टक टक! कान लावला. परत टक टक! तेवढ्यात रखवालदारानं डोळे वटारले, अप्पांनी हात जोडले, मागं वळले… अन छत्री गायब! काकू गायब! सगळी वरात गायब!

बाहेर आले तर बस बी न्हाई, नुसता हा मोठा चौक. माणसंच माणसं, कबुतरंच कबुतरं. अप्पा पळायले. चार पावलं पळाले अन छाती भात्यावानी वर-खाली! ओरडावं तर काय ओरडावं? "अगं ए" म्हणून हाक मारली, तर एक कबुतर तेवढं उडालं. खिशात फोन न्हाई. पोराच्या घराचा पत्ता? घरापुढं लाल फुलांचं झाड हाय, एवढंच ठाऊक. अन त्या गावात, तुमाला सांगतो, दर घरापुढं लाल फुलांचं झाड!

आली एक पोलीसबाई. अप्पांना वाटलं, देव पावला. आता बायको हरवली हे सांगायचं कसं? कपाळाला बोट लावलं, म्हंजे कुंकू. पोलीसबाईनं आपलं डोकं धरलं. "काबेसा?" म्हंजे डोकं दुखतंय का? अन अप्पा म्हणले, सी! तिनं धरून बाकावर बसवलं, कसल्या तरी पाल्याचा गरम काढा पाजला. अप्पांनी मग डोईवरनं पदर घेऊन दाखवला. ती म्हणली, "फ्रीयो?" म्हंजे थंडी वाजती का? अन अप्पा म्हणले, सी! तिनं कुठून तरी शाल आणली अन अप्पांना अशी गुंडाळली, अशी गुंडाळली, की हात बाहेर निघंनात. आता हातवारे बी बंद!

मग अप्पांनी हात कसेबसे सोडवले, वाटलं, लुगड्याचा रंग दाखवावा. कुठं फुलं हायेत, कुठं रंगीत दुकानं हायेत, बोट दाखवलं की झालं. अन तिथं त्यांचं काळीज चर्र झालं. आठवंना! आज काय नेसली ती? हिरवं? का जांभळं? सकाळपास्नं तिच्या कानाशी एकसारखं बोलायले होते, पण तिच्याकडं बघितलं होतं कुठं? एवढ्या वर्षांचा संसार, अन माणूस एका लुगड्याच्या रंगावर अडकला. बाकावर बसून डोळ्यात पाणी आलं अप्पांच्या. पोलीसबाईनं अजून एक काढा आणला!

तेवढ्यात समोरनं पिवळी छत्री! अप्पा ताडकन उठले. पोलीसबाई म्हणली, "ग्रूपो?" म्हंजे तुमची मंडळी हीच का? अन अप्पा म्हणले, सी! तिनं स्वतः हात धरून बसमधी चढवलं, दार लागलं, बस निघाली… अन अप्पांनी मान वळवली तर एक बी चेहरा वळखीचा न्हाई! छत्री पिवळीच, पण बस निराळी, आत सगळी तिथलीच म्हातारी मंडळी, डोईवर टोप्या, अंगावर रंगीत घोंगड्या. गावोगावच्या निवृत्त लोकांची सहल होती ती! गाईड एक मिशीवाला बाप्या. यादी बघत आला अन म्हणला, "मानुएल?" आता कुणी तरी मानुएल त्या दिवशी आलाच नसंल. अप्पांना वाटलं, मन्मथ म्हणता येईना बिचाऱ्याला, जीभ जड असंल. अन अप्पा म्हणले, सी!

झालं. मन्मथअप्पा मानुएल झाले.

शेजारी आली रोसा नावाची एक म्हातारी. अन तुमाला सांगतो, ती जी बोलाय लागली! नवरा कसा मेला, सुना कशा निघाल्या, गुडघा कोणता दुखतो… सगळं त्यांच्या भाषेत, हातवारे करून, अप्पांच्या मांडीवर थापा मारून! अप्पांनी तोंड उघडलं की ती म्हणणार, "सी?" अन अप्पांना म्हणावं लागणार, सी! की ही परत सुरू! अख्ख्या बाजाराला बोलून दमवणारा माणूस, अन त्याला शब्द घुसवायला फट मिळंना! चेहरा बघायला पायजे होता. अप्पांच्या दुकानात बसून चहा थंड होईस्तोवर आमी जसे व्हायचो ना… तस्सा!

दुपारी जेवायला उतरवलं. वाढपी आला, म्हणला, "कुय?" अप्पांना वाटलं, वाढू का म्हणून इचारतोय. अन अप्पा म्हणले, सी!

ताटात काय आलं असंल? उंदराच्या थोरल्या चुलत्यावानी एक जनावर, तिकडं त्यालाच कुय म्हणत्यात, अख्खं, भाजलेलं, चारी पाय पसरून, दात इचकून अप्पांकडं बघायलं! अप्पा पक्के लिंगायत, अंड्याची टरफलं दिसली तर वाट बदलणारे. डोळे गच्च मिटले, गळ्यातलं लिंग मुठीत धरलं अन शिव शिव शिव शिव… रोसाबाईला वाटलं, मानुएल लई भाविक. जेवणाआधी प्रार्थना करतोय! तिनं डोळे मिटले, तिचं बघून शेजारच्यानं मिटले, सगळी पंगत माना खाली घालून बसली. अप्पांनी डोळे उघडंस्तोवर कुणी घास घेईना. अप्पा उघडंनात! शेवटी रोसाबाईनंच हळूच ते जनावर आपल्या ताटात ओढून घेतलं, अन आपली भाजकी मका अन उकडलेला बटाटा अप्पांकडं सरकवला. बाई मनानं चांगली होती हो, फक्त तोंड बंद होत नव्हतं!

पण अप्पांना बटाटा गिळंना. म्हणले, आपल्यापुढं ताट तरी हाय, अन ती? भाषा न्हाई, वळख न्हाई, डोकं गरगरतंय. चौकात एकली बसली असंल, रडून रडून डोळे सुजले असतील. सकाळपास्नं पाण्याचा घोट बी घेतला नसंल. माझ्याबिगर तिला घराचा उंबरा ओलांडायची सवय न्हाई… अन अप्पा मका हातात धरून तसेच बसले.

दुपार कलली तवा बस थांबली पृथ्वीच्या मधोमध. हसू नका! खरंच तिथनं ती विषुववृत्ताची रेघ जाती. जमिनीवर पिवळी पट्टी आखलीया, इकडं पाय ठिवला की अर्धी पृथ्वी, तिकडं ठिवला की दुसरी अर्धी. सगळ्या सहली तिथंच येत्यात. अप्पा शाल सावरत, जीव नकोसा होऊन त्या पट्टीपाशी उभे राहिले, अन समोर, तिकडल्या पृथ्वीवर, बघतेत तर काय!

शांताकाकू! डोईवर पिसाची टोपी. काखेत मक्याच्या लाह्यांचा पुडा, हातात कुंकवाची डबी. भोवती पाच-सहा गोऱ्या बाया रांग लावून उभ्या, अन काकू एकेकीच्या कपाळाला कुंकू लावायली, बाया खिदळायल्या, अन काकू… काकू बी हसायली! मोठ्यांदा! पदर तोंडाला न लावता! अन लुगडं होतं मोरपंखी.

अप्पांनी पळत पृथ्वी ओलांडली. काकूचे दोनी हात धरले. "अगं, बरी हाईस ना? कुणी काही बोललं न्हाई ना? जेवलीस का?"

काकू म्हणली, "अवं, असं काय करायलात? लोक बघायलेत. अन ही शाल कुणाची?"

"अगं, मी हरवलो होतो!"

"कवा?"

"सकाळी! त्या सोन्याच्या चर्चापास्नं!"

काकूचा हात लाह्यांच्या पुड्यातच थांबला. म्हणली, "अगं बाई! मला वाटलं मागल्या शिटावर झोपलात! गाईडबाईनं खुणेनं इचारलं बी, म्हातारा कुठं? म्या मागं हात केला." म्हंजे गाईडबाईला वाटलं, बाबा माघारी घरी गेला! तिनं नाव खोडलं अन बस सोडली!

अन मग काकूनं लाह्या चघळत डोंगराकडं बघितलं अन हळूच म्हणली, "तरीच मी म्हणते… सकाळपास्नं कानाला कसं थंड थंड वाटायलं होतं. मला वाटलं, एवढ्या उंचावरची हवाच तशी असंल."

अप्पांनी शाल मागं सारली, काकूच्या खांद्यावरची पिशवी आपल्या खांद्याला घेतली, अन म्हणले,

"असंल बाई. हवा चांगलीच हाय इथली."