न येणारी डीव्हीडी

तुम्ही म्हणता, माणसाला खरं सांगून मोकळं व्हावं. मी एकदा सांगितलं, ते ऐका.

कोथरूडला माझं सीडीचं दुकान होतं. एका जुन्या दिग्दर्शकाचे चित्रपट तेव्हा एकेक करून डीव्हीडीवर येऊ लागले होते. हिंजवडीच्या कंपनीतली दोन पोरं आणि निवृत्त शिक्षक सबनीस सर दर रविवारी काउंटरपाशी उभे राहून पुढचा कोणता, यावर वाद घालत. सरांना एकच हवा होता. त्यात त्यांच्या बायकोने शेजारणीचं काम केलं होतं, चार वाक्यांचं. बाई वारल्या होत्या. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता.

"पुढच्या लॉटमध्ये शंभर टक्के, सर," पोरं म्हणायची.

दोन वर्षं मी ऐकून घेतलं. एका रविवारी म्हणालो, "सर, तो येणार नाही."

"का? कंपनीवाले तुम्हाला विचारून काढतात वाटतं?"

"दुकानाआधी मी फिल्मच्या गोदामात कामाला होतो. ब्लॅक अँड व्हाइट फिल्म रसायनात धुतली की तिच्यातली चांदी सुटते, ती विकता येते, आणि फिल्म कोरी होते. मालक म्हणाला, जुनं सगळं धुवा. त्या चित्रपटाची निगेटिव्ह, प्रिंट, सगळं मी माझ्या हाताने धुतलं."

सर काउंटरवर पुढे वाकले. मग म्हणाले, "आवाजाची फिल्म वेगळी असते ना हो? चित्र नसलं तरी चालेल मला."

"असते," मी म्हणालो. "ती आधी धुतली."