मी शांततेच्या राणीच्या बाजूचा

...आणि वर ती थिएटरच्या गेटवरची मुलगी मला म्हणते कशी, "माफ करा हं आजोबा, टॉर्च फक्त लहान मुलांसाठी आहे!" अहो पण मागितला कोणी? मी हात पुढे केला होता तो फाडलेलं तिकीट परत घ्यायला! अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस मी, सगळं आयुष्य शाळेत गेलं, शेवटची दहा वर्षं तर हेडमास्तर होतो, मला काय करायचाय तो गुलाबी प्लॅस्टिकचा, बदामाच्या आकाराचा, बटण दाबलं की लुकलुकणारा टॉर्च? पण मागे रांग ही एवढी, सगळ्यांनी ऐकलं, एक बाई तर तोंडावर हात ठेवून खुदखुदली. झालं! आता गावभर काय? 'हेडसरांनी टॉर्च मागितला आणि त्यांना मिळाला नाही!' तुम्हाला सांगतो, तिकीट द्यायचं, मान लववायची, विषय संपला. शांत बसायला काय पैसे पडतात?

हे वाक्य माझं बरं का. गावात प्रसिद्ध आहे. आमच्या गावात शाळा एकच, त्यामुळे आज जे कोणी तिशी-पस्तिशीचं दिसेल, मासळीबाजारात असो, पोस्टात असो, दातांच्या दवाखान्यात असो, त्यानं ते माझ्याकडून ऐकलेलं आहे. परवा त्या दातांच्या डॉक्टरनं माझ्या तोंडात सगळी हत्यारं घातली आणि मी जरा 'आं आं' केलं तर हसून म्हणतो, "हेडसर, शांत बसायला काय पैसे..." जाऊ दे. त्याला मी तिसरीत कोपऱ्यात उभा केला होता. लक्षात ठेवतात लोक.

तर मुळात मी जाणार नव्हतोच! जाणार होती आमची सूनबाई, फुमिका. पण रविवारी सकाळी सकाळी तिला बेकरीतून फोन, दुसरी बाई तापानं फणफणली, या लगेच. हिनं एका हातानं ॲप्रन बांधत दुसऱ्या हातानं दोन तिकिटं माझ्या हातात कोंबली. "बाबा, चिहारूला तेवढं नेऊन आणा ना. महिनाभर वाट बघतेय ती. सिनेमाच आहे, नुसतं बसायचं!" नुसतं बसायचं! ऐकलंत ना? माझ्यावर नंतर जे काही आरोप झाले त्याच्या आधी हे लिहून ठेवा, की मला 'नुसतं बसायचं' असं सांगण्यात आलं होतं.

आता चिहारूचं सांगायला हवं. माझी नात. सात वर्षांची. मुलाची बदली झाली पार देशाच्या दुसऱ्या टोकाला, तो तिकडे एकटा राहतो, आणि दोन वर्षांपूर्वी ह्या दोघी माझ्याकडे राहायला आल्या. पहिल्याच दिवशी ही पोरगी "आजोबाऽऽऽ" करत दारातून धावत सुटली आणि माझ्या तोंडून... अहो सवय हो, जित्याची खोड... माझ्या तोंडून सणसणीत निघालं, "कॉरिडॉरमध्ये धावायचं नाही! आवाज बंद!" आमचा कॉरिडॉर केवढा? चार पावलांचा! पोरगी जागच्या जागी थांबली, पाय जुळवले आणि म्हणाली, "हो, हेडसर."

त्या दिवसापासून ती माझ्याशी कुजबुजते. दोन वर्षं! आईशी ओरडते, बापाशी फोनवर किंचाळते, शेजारच्या कुत्र्याशी मोठमोठ्यानं गप्पा मारते. पण माझ्या सपातांचा आवाज आला की गप्प. जेवताना "आजोबा, सोया सॉस मिळेल का" हे असं म्हणते की मला चष्मा काढून, कान पुढे करून ऐकावं लागतं. बरं, मी कुणाला तक्रार करू? शांतता मीच मागितली होती ना? मिळाली! घराला घरपण नाही, वाचनालय झालंय. वाईट वाटतं हो. खूप वाईट वाटतं. पण हे सुनेला सांगायचं कसं?

आणि सिनेमा कसला म्हणाल तर तो जादूगार मुलीचा! म्हणजे एक साधी शाळकरी मुलगी, तिचा गृहपाठ कधी पूर्ण नसतो, आणि संकट आलं की ती गोल गोल फिरते, रिबिनी उडतात, बूट बदलतात, केस गुडघ्यापर्यंत वाढतात, ह्याला दीड मिनिट लागतं आणि राक्षस तेवढा वेळ बिचारा उभा राहतो! तीस वर्षांपूर्वी ह्याचंच चित्रांचं पुस्तक निघालं होतं, तेवीस भाग. मला कसं माहीत? अहो, मी जप्त करत होतो ना! गणिताच्या तासाला बाकाखाली हेच. माझ्या केबिनमध्ये कपाट भरलं होतं. निवृत्त झालो तेव्हा शिपायानं ते खोकं माझ्या सामानात टाकलं, ते माळ्यावर गेलं, आणि गेल्या वर्षी चिहारूला सापडलं. तेवीसच्या तेवीस भाग पाठ आहेत तिला! म्हणजे हे दुखणं मीच घरात आणलं, मीच अठरा वर्षं जपून ठेवलं, आणि आता मीच तिकिटं घेऊन उभा.

तर थिएटर. दारावर पाटी: 'या खेळाला ओरडण्यास परवानगी आहे.' मला वाटलं छपाईची चूक. 'नाही' राहिलंय म्हटलं. मी त्या गेटवरच्या मुलीला सांगणारही होतो, पण टॉर्च प्रकरण ताजं होतं, म्हटलं नको. चिहारू माझी बाही ओढून कुजबुजली, "आजोबा, ह्या खेळाला सगळे मिळून ओरडतात. म्हणून तर हा घेतला." सिनेमाला ओरडतात? आमच्याकडे? जिथं सिनेमा संपून शेवटचं नाव वर सरकेपर्यंत कोणी खुर्चीतून हलत नाही, तिथं?

आत शिरलो तर काय हो गलबला! पोरं खुर्च्यांवर उभी, बाया रिबिनी लावून आलेल्या, बापांच्या मांडीवर पॉपकॉर्नच्या बादल्या... आणि मी आमची रांग शोधत मधल्या वाटेनं चाललो, तर मी जिथून जाईन तिथला आवाज बंद! एक बाई दचकून उठली, कमरेत वाकली, "हेडसर!" तिच्या शेजारची उठली, "हेडसर!" एका बापानं डोक्यावरचे सशाचे कान काढून पाठीमागे लपवले. मी तरी काय करणार, दोन्हीकडे मान लववत लववत गेलो, अगदी मधोमध बसलो, तर अख्खं थिएटर पाठ सरळ करून, हात मांडीवर ठेवून गप्प! पॉपकॉर्न चावायचंसुद्धा थांबले, नुसते चघळत होते! मला, खरं सांगू, बरं वाटलं. म्हटलं, संस्कार टिकलेत.

सिनेमा सुरू. आणि त्यात खलनायिका कोण? शांततेची राणी! उंच, करड्या कपड्यांतली, केस मागे घट्ट बांधलेले. तिचं म्हणणं एवढंच की जगात फार गोंगाट झालाय. ती बोट वर करते, 'श्श्श' म्हणते, आणि सगळ्यांचे आवाज तिच्या काचेच्या बरणीत जातात. मला तर बाई पटली! मी आपला मान डोलवतोय, बरोबर बोलतेय, अगदी मुद्द्याचं बोलतेय, आणि माझ्या नकळत माझंही बोट वर... मागच्या रांगेतून आवाज आला, "अगं, ही तर डिट्टो हेडसरच!" आणि दबकं हसू. मी वळून बघितलं. हसू बंद.

शेजारी पाहतो तर चिहारू पडद्याकडे बघत नव्हतीच. माझ्या वर केलेल्या बोटाकडे बघत होती. मी बोट गुपचूप खिशात घातलं.

मग आला तो प्रसंग. ती जादूगार मुलगी, तिचं नाव पिकारिका लुमिरोझेत्ता, आता म्हणतो मी धडाधड, पण तेव्हा कुठं येत होतं... ती हरली. आवाज गेला, रिबिनी गळून पडल्या, जमिनीवर पालथी. आणि तिचं ते पंखवालं जांभळं पाणमांजर, ते थेट आपल्याकडे वळून रडत म्हणतं, "मित्रांनो! टॉर्च लावा! तिला हाक मारा! तुमचा आवाज पोचला तरच ती उठेल!"

आणि शांतता.

म्हणजे शांतता म्हणजे कशी, आयुष्यभर मी जिच्यासाठी घसा फोडला तशी! सुई पडली तर ऐकू येईल! पोरं आयांकडे बघतायत, आया बापांकडे, बाप... बाप माझ्याकडे. पाणमांजर पुन्हा, "मित्रांनो! ऐकू येत नाहीये!" अहो येईल कसं? कोणी तोंडच उघडत नव्हतं! पहिला कोण ओरडणार? हेडसर मधोमध बसलेत! मी मनात म्हटलं, काय मेषपात्रं आहेत, ओरडायचे पैसे भरलेत ना, मग ओरडा की!

तेवढ्यात माझी बाही ओढली गेली. चिहारू. टॉर्च दोन्ही हातांत घट्ट, पण बटण अजून दाबलेलं नव्हतं. तोंड उघडत होती, मिटत होती. मी कान पुढे केला. ती कुजबुजली, "आजोबा... सगळे तुम्हाला घाबरतात." मग आणखी हळू, "...मी पण. आणि ती मरेल आता."

तुम्हाला सांगतो, इतक्या वर्षांत माझ्याविषयी कुणी एवढं खरं बोललं नव्हतं. आपण राणीच्या बाजूचे! बरणी आपल्याकडे आणि तिच्यात ह्या पोरीचा आवाज! आणि मी काय केलं? उठलो. उठलो आणि क्रीडादिनाला मैदानाच्या पार टोकाला पोचायचा तो आवाज काढला, "सगळे! उभे! राहा!"

खाडकन अख्खं थिएटर उभं! तीन सेकंदांत! बादल्या सांडल्या, पण उभे! तो सशाच्या कानांचा बाप तर छाती काढून. मी म्हटलं, "लाज नाही वाटत? एक मुलगी तिकडे पडलीय आणि तुम्ही गप्प? ओरडा! ओरडायला काय पैसे पडतात? मी सांगतो, माझ्यामागून म्हणा!" आणि छातीत हवा भरली, आणि... नाव आठवेना! पिका... लुमि... रोझे... काहीतरी! दोनशे माणसं माझ्या तोंडाकडे बघतायत, पाणमांजर रडतंय, आणि माझ्या तोंडून जे एकच नाव निघालं ते निघालं, "चिहारू! हार मानू नकोस!"

आणि त्या लेकाच्यांनी... अरे एकानं तरी थांबावं, एकानं तरी म्हणावं की हेडसर, चुकतंय? छे! मी सांगितलं ना, माझ्यामागून म्हणा? एका सुरात, भिंती हादरल्या, "चिहारू! हार मानू नकोस!" मी पुन्हा, "चिहारू, आम्ही आहोत!" सगळे, "चिहारू, आम्ही आहोत!" टॉर्चही सगळे एका लयीत, डावीकडे, उजवीकडे, कवायत जशी! तिसऱ्यांदा मी हवा भरतो न भरतो तोच माझ्या शेजारी, खुर्चीवर, बुटांसकट उभी राहून, लालबुंद होऊन, थिएटरचं छत उडेल अशा आवाजात:

"आजोबाऽऽऽ! ती पिकारिका आहे! पिकारिका लुमिरोझेत्ताऽऽऽ! चिहारू मी आहे! तुम्हाला एवढंपण कळत नाही का?"

मला ओरडली! सगळ्यांसमोर! आणि मी, ज्यानं खुर्चीवर बूट घेऊन चढणाऱ्यांना मैदानाला पाच पाच फेऱ्या मारायला लावल्या, मी म्हटलं, "चुकलो, बाई." माझा चष्मा एकदम धूसर झाला हो. पॉपकॉर्नची वाफ असेल. मग जो काय दंगा झाला! आया किंचाळतायत, बाप शिट्ट्या मारतायत, "पिकारिकाऽऽ", आणि ती पडद्यावर उठलीच की! मला ठाऊक आहे, आम्ही नसतो ओरडलो तरी उठली असती, मी काय खुळा आहे? पण त्या वेळी, शपथेवर सांगतो, मला वाटलं आपल्यामुळेच उठली.

मग शेवटची नावं सरकायला लागली आणि सगळे खाली बसून पुन्हा गप्प. ते मात्र आपोआप. दिवे लागले तशी मागच्या रांगेतली, ती 'डिट्टो हेडसर'वाली, पुढे आली. ससानो आडनाव तिचं, पाचवीत होती. वाकून म्हणते, "हेडसर, माझा सातवा भाग अजून तुमच्या कपाटातच आहे." मी म्हटलं, वाचून झाला की देते चिहारू. चिहारू म्हणाली, मोठ्यानं, "झालाय वाचून, उद्या या!" परस्पर! माझ्या घराचं आमंत्रण!

गेटवर तीच मुलगी. "आजोबा, एक टॉर्च उरलाय, घेता का?" मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. आणि हात पुढे केला. ह्या वेळी तिकिटासाठी नव्हे.

आता झालंय असं, की थिएटरचा मॅनेजर दुसऱ्या दिवशी घरी. म्हणतो, हेडसर, दर रविवारी याल का, तुमच्याशिवाय आमच्याकडचे लोक तोंड उघडत नाहीत. मी नाही म्हणणार होतो, पण चिहारू आतून ओरडली, "येतीऽऽल!" येतीऽऽल! मला विचारलं कुणी? घरात आता दिवसभर हा गोंगाट, ती कॉरिडॉरमधून धावते, चार पावलांत सात वेळा किंचाळते, ससानोबाई येतात, त्यांची दोन पोरं येतात, मला दुपारचं डोळा मिटायची सोय नाही.

आणि काल संध्याकाळी मी आपला गरम पाण्याच्या टबात बसलोय, म्हटलं रविवारी पुन्हा घोळ नको, जरा सराव करावा, आणि लावला आवाज, "पिकारिका लुमिरोझेत्ताऽऽ! पिकारिका लुमि..." तर दारावर धाड् धाड् धाड्!

"आजोबाऽऽऽ! मी गृहपाठ करतेय! शांत बसायला काय पैसे पडतात का?"

टबातल्या टबात पाय जुळवले आणि म्हटलं, "हो, हेडसर."