व्याख्यान चालू असताना माइकची वायर ओढल्याबाबत

मी, खाली सही करणार, वय एकेचाळीस, धंदा सैन्यात नोकरी (वायरलेस विभाग), सध्या रजेवर, राहणार पाण्याच्या टाकीसमोरील लष्करी वसाहत, दुसरा मजला, आज ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की,

वरील पत्त्यावर मी, पत्नी व मुलगी असे राहतो. सासरे दोन गल्ल्या सोडून राहतात. ते निवृत्त शिक्षक असून वाचनालयाच्या समितीचे अध्यक्ष आहेत. माझे काम वायरलेसवर बसण्याचे आहे. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांचे बोलणे पुढे पाठवायचे व आपले त्यात काही घालायचे नाही. नोकरीची दोन वर्षे राहिली आहेत. ती धड पार पडली तरच पेन्शन मिळते.

फिर्याद देणारा इसम पूर्वी माझ्याच तुकडीत होता. त्याला आम्ही राजे म्हणत असू, कारण समोरचा पाण्याचा ग्लाससुद्धा तो दुसऱ्याकडून मागवायचा. पायाच्या दुखापतीमुळे तो लवकर निवृत्त झाला. निवृत्त झालेल्याला बोलायची मोकळीक असते, त्यामुळे आता तो गावोगाव व्याख्याने देतो. विषय एकच. डोंगरावर बर्फाचा कडा कोसळला, एका जवानाचा पाय मोडला आणि दुसऱ्याने त्याला पाठीवर घेऊन खालच्या चौकीपर्यंत आणले. हकीकत खरी आहे. फक्त राजे सांगतो की उचलणारा तो होता. उचलणारा मी होतो. पाय मोडला तो राजेचा. आता तो लंगडतो, ते ओझे वाहिल्यामुळे असे लोकांना सांगतो व लोक त्याला बसायला खुर्ची देतात.

मी आजवर का बोललो नाही, असे विचारल्यावरून सांगतो. त्या दिवशी मागवूनही स्ट्रेचर आले नव्हते. का आले नाही ते मला माहीत आहे, कारण निरोप मीच पाठवला होता आणि उत्तरही माझ्याच कानात आले होते. ते उत्तर काय होते हे मला येथे सांगता येत नाही. साहेबांनी आम्हाला रांगेत उभे करून बजावले होते की ही गोष्ट बाहेर जाता कामा नये, घरीसुद्धा नाही. मी घरी सांगितले नाही. पाठ दुखायची तेव्हा झोपेत अवघडली असे पत्नीला सांगायचो. राजेच्या व्याख्यानात स्ट्रेचरचे नावच नसते. त्यामुळे त्याच्या बोलण्याचे कोणाला वावडे नाही.

व्याख्याने सुरू झाल्यावर खरे सांगण्याची परवानगी मिळावी म्हणून मी खात्याकडे अर्ज केला. नोकरीत असलेल्याला जाहीर बोलता येत नाही, तक्रार असल्यास कचेरीत मांडावी, असे उत्तर आले. म्हणून त्या दिवशी डोंगरावर असलेले आम्ही चौघे कचेरीत गेलो. तेथील कारकून म्हणाला, "चौघं मिळून आलात तर त्याला संघटना म्हणतात. बाहेर जा आणि एकेकटे या." आम्ही बाहेर जाऊन एकेकटे आत आलो. तिघांना सांगण्यात आले की दुसऱ्याच्या वतीने तक्रार करता येत नाही. माझी पाळी आली तेव्हा साहेब म्हणाले, "यात तुझं काय नुकसान झालं? पगार कापला? बढती अडली?" तसे काही झाले नव्हते. माझे काय गेले ते मला त्यांच्यापुढे नीट सांगता आले नाही.

गेल्या आठवड्यात सासऱ्यांनी राजेला वाचनालयात व्याख्यानाला बोलावले. आधी तो माझ्या घरी चहाला आला. पत्नीने त्याला सोनेरी काठाच्या कपात चहा दिला. तो कप लग्नापासून काचेच्या कपाटात आहे व मला त्यातून एकदाही चहा मिळालेला नाही. सासरे म्हणाले, "जावईबापू, एकाच तुकडीतले तुम्ही दोघं. जरा बोलायला शिका यांच्याकडून." पत्नी म्हणाली, "कुठलं हो बाबा, यांच्या तोंडाला कुलूप आहे. भाजीत मीठ कमी पडलं तर ते मला तिसऱ्या दिवशी कळतं." सगळे हसले. राजेही हसला आणि म्हणाला, "वहिनी, त्याचा दोष नाही. नियमच तसा आहे." तेव्हापासून माझ्या पोटात दुखू लागले. ठाणे अंमलदारांनी औषध घेतले का असे विचारल्यावरून खुलासा करतो की तसे पोट नव्हे.

रविवारी संध्याकाळी सभागृह भरले होते. माझे काम वायरींचे म्हणून सासऱ्यांनी मला व्यासपीठाखाली माइकच्या यंत्राजवळ बसवले. राजेचा आवाज मागच्या रांगेपर्यंत नीट पोहोचावा हे मी पाहत होतो. पत्नी पहिल्या रांगेत होती. राजे म्हणाला, "खाली चौकीचा दिवा दिसत होता. त्या एका दिव्याकडे बघत मी पाय टाकत राहिलो." तेव्हा पत्नीने रुमाल काढून डोळे पुसले. आमच्या लग्नाला चौदा वर्षे झाली. माझ्यावर चिडून ती पुष्कळदा रडली आहे. माझ्यासाठी रडलेली मी पाहिलेली नाही.

पाठीवर माणूस घेऊन डोंगर उतरणाऱ्याला दिवा दिसत नाही. त्याची मान खाली असते आणि पुढचे पाऊल कोठे टाकायचे तेवढीच जागा त्याला दिसते. दिवा वरच्याला दिसतो. त्या दिवशी राजे माझ्या कानाशी सारखा म्हणत होता, "दिसतोय रे दिवा, चल, दिसतोय." त्या बोलण्याच्या जोरावर मी खाली पोहोचलो हे मी नाकारत नाही. पण त्याच दिव्यावर त्याने माझ्या बायकोला रडवले, म्हणून माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी उभा राहिलो. मला बोलायचे होते. लोक वळून बघू लागले. सासऱ्यांनी हाताने खाली बसा अशी खूण केली. माझे तोंड उघडले, पण नोकरी आठवली व शब्द फुटला नाही. मग मी हाताने वायर ओढली. माइकचा स्टँड राजेच्या तोंडावर आदळून त्याचा ओठ फाटला. त्याला मारायचा माझा इरादा नव्हता. त्याने गप्प बसावे एवढाच होता.

हेव्यापोटी हे केले का, असे विचारल्यावरून सांगतो की होय. टाळ्यांचे मला विशेष नाही. माझ्याच गोष्टीवर रडून माझी बायको त्याच्याकडे कौतुकाने बघत होती, ते मला सहन झाले नाही.

काल सासरे राजेचा निरोप घेऊन आले की वायर पायात अडकली असे मी सांगितल्यास तो फिर्याद मागे घेईल. ठाणे अंमलदारांनीही मला समजावले की या जबाबाची प्रत माझ्या खात्याकडे जाईल. "पाय अडकला असं लिहू का? घरादाराचा विचार करा," असे ते म्हणाले. मी घरादाराचा विचार करूनच सांगतो की पाय अडकला नाही. तसे लिहिले तर उचलणारा राजेच राहतो. पोलिसांनी विचारल्यावर खरे सांगायला परवानगी लागत नाही, अशी माझी समजूत आहे. ती चुकीची असल्यास खाते मला कळवीलच.

ठाणे अंमलदार हा जबाब मला हळू आवाजात वाचून दाखवू लागले. पत्नी बाहेर बाकावर बसली होती, म्हणून मी त्यांना मोठ्याने वाचायला सांगितले. त्यांनी दाराकडे पाहिले व पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचला. वाचून झाल्यावर पत्नी दारात येऊन उभी राहिली. माझे लक्ष तिच्या डोळ्यांकडे होते. ते कोरडे होते. ती म्हणाली, "स्ट्रेचर का नव्हतं आलं?" मी म्हणालो, घरी गेल्यावर सांगतो. हे वाक्य जबाबात नको, त्याने नोकरी जाईल, असे ठाणे अंमलदार म्हणाले. ते राहू द्यावे असे मी सांगितल्यावरून ठेवले आहे. बाकी सर्व माझ्या सांगण्याबरहुकूम लिहिले असून बरोबर आहे.