गच्चीवरचा पाहुणा

अथेन्स, डिसेंबर १९४४. जर्मन गेले आणि ग्रीकांच्या आपसातल्या लढाईत इंग्रज उतरले. नळाच्या रांगेत एव्हान्थियाच्या मागे दोघी शेजारणींची जुंपली होती.

"पोलिक्सेनी, त्या इंग्रज शिपायाला घरात घेतलंसच कशाला?"

"अगं आर्गीरो, दारात परका माणूस! सवयीनं संत्र्याचा मुरंबा अन् पाणी पुढं केलं."

"मग?"

"मेल्यानं चाटूनपुसून खाल्ला, गच्चीवर गेला अन् मशीनगन लावली. आपल्याच गल्लीवर!"

"हाकल की!"

"हाकलायला गेले, तर मलाच म्हणतो, बाई, बाहेर जाऊ नका, धोका आहे. कुणाचा रे, मुडद्या?"

तेवढ्यात गच्चीवरून गोळ्या सुटल्या. घागरी फुटल्या, सगळ्या बायका चिखलात आडव्या पडल्या. एव्हान्थियाच्या कानाशी आर्गीरो फणकारली,

"पोलिक्सेनी, पचला गं तुझा मुरंबा!"