वाटसरूची चाल

नाही, बदलता येणार नाही — आणि आधी बसा तुम्ही, बाबा, असे दारात उभे राहिलात की शेजारच्या टेबलावरचे कान टवकारतात. दचकू नका, बाबा म्हणायची सवय माझ्याही तोंडाला राहिलेली नाही. काय म्हणालात, आमच्या कार्टूनमधला वाटसरू तुमच्यासारखा चालतो? तुमच्यासारखा कसला, तुम्हीच चालता! डावी टाच फरपटत, खांदा कलता — मीच काढलीय ती चाल. आमच्याकडे ती एकदाच काढतात, मग तीच चित्रं पुन्हापुन्हा फिरवायची, भाग कोणताही असो. आणि गंमत सांगू? तो कुठे जातच नाही. जागच्या जागी पाय हलवतो, आम्ही मागचं धुकं सरकवतो, ओसाड गावं सरकवतो, आणि लोकांना वाटतं, किती भटकतोय बिचारा! बिचारा म्हणे.

हं, मग? तुमच्या मुलाने ओळखलं? "पप्पा, हे तर तुम्ही!" — हुशार आहे. आणि त्याच्या आईने विचारलं, ही चित्रं काढणारी कोण? भागाच्या शेवटी येणाऱ्या नावांत माझं नाव दिसलं, आणि आलात मला गप्प करायला. वा! आईने पोलिसांत तुमचा फोटो दिला, पेपरात दिला, मग मी चाल दिली. चेहरा मुद्दाम टोपीखाली झाकला — चेहरा काय, दाढी वाढवली की बदलतो, चाल थोडीच बदलते! म्हटलं, कुणीतरी ओळखेल — नाही, उगाच हुरळून जाऊ नका, आईसाठी केलं मी. तिला आता कमी दिसतं, टीव्हीला नाक लावून बसते. गोष्ट कळत नाही तिला, पाय बघते नुसते. "आज दमलेत गं," म्हणते. आणि चित्र तेच असतं! मागच्याच भागातलं!

शेवटचा भाग राहिलाय. दिग्दर्शक म्हणतात, त्याला घरी पोचव. म्हातारा माणूस, त्यांना सगळे घरी पोचायला हवेत — पण पोचवू कसं? तुम्ही दारात कसे थांबायचात, चपला कशा काढायचात, आठवतच नाही मला, जातानाचंच तेवढं पाठ आहे. एकदा या घरी. राहू नका, जेवू नका, पाणीसुद्धा पिऊ नका — नुसते चालत या, तिला ते पाय बघू दे. मग बदलते मी चाल, सगळे भाग पुन्हा काढते, मरेपर्यंत बसते काढत. काय?

उठलात? अहो, निदान — थांबा. थांबा जरा. पुन्हा चाला बघू. टाच... टाच टेकतेय. पाय सरळ पडतोय तुमचा! आत आलात तेव्हा मी तुमच्या तोंडाकडेच बघत बसले, लक्षातच नाही आलं. ऑपरेशन करून घेतलंत, हल्लीच? आई किती मागे लागायची, पाय दाखवा हो, पाय दाखवा — नसती कटकट म्हणून अंगावर जायचात तिच्या. आणि ह्या नव्या घरच्यांना कितीदा सांगावं लागलं? एकदाच, ना?

जा. जा तुम्ही. आणि हे बघा, घरी मुळीच येऊ नका आता — ती पायांकडे बघेल आणि मला विचारेल, हे कुणाला घेऊन आलीस?