पाकीट पोराच्या हाती दिलंत

बारा वाजून वीस मिनिटांनी, बाई. तुमच्या कार्यालयातली ती कागदांची चोरी कधी झाली ते तुमचं तुमच्यापाशी — माझ्या घरात ती आज बारा वाजून वीस मिनिटांनी शिरली, शाळेची जेवणाची घंटा झाली तेव्हा. नाही, आत नका येऊ. इथंच पायरीवर बसा, कुत्र्याच्या शेजारी, ते चावत नाही. आत चार पोरं झोपलीत, लोकांची आहेत, जागी झाली तर थोपटायला तुम्ही बसणार का? मी कुठं ओरडतेय? हळू बोलूनसुद्धा माणसाला शिव्या देता येतात, सासूनं शिकवलंय मला. पाणी? पाणी देते. पाणी आम्ही कोणालाही देतो. चहा मात्र मागू नका.

माफी छापून आणलीत, छान झालं. ‘आपली ओळखीची कागदपत्रं आमच्या ताब्यातून गहाळ झाली आहेत.’ गहाळ! कोंबडी आहे का ती, कुंपणाखालून गहाळ व्हायला? मी मागितलं होतं का तुम्हाला काही? या बेटावर पोरं सांभाळायची तर परवाना लागतो म्हणालात — माझ्या आजीनं अर्धं गाव वाढवलं, तिला कोणी परवाना विचारला नाही — पण बरं, म्हटलं घेऊ परवाना. घरात राहणाऱ्या प्रत्येकाचा कागद लावा म्हणालात, लावला. माझा लावला, नोआचा लावला — नवरा माझा, आत्ता खडकांकडे शेवंड धरायला गेलाय, बरं झालं तो इथं नाही, तो माझ्यासारखा हळू बोलत नाही — आणि एझ्राचा जन्मदाखला लावला. काउन्सिलच्या कागद पाठवायच्या मशिनीपुढं पाठ करून उभी राहिले, मागच्या बाईला दिसू नये म्हणून. का म्हणजे? माझ्या पोराचा कागद आहे, तो काय धावपट्टीवरची पाटी आहे, येणाऱ्याजाणाऱ्यानं वाचायला? मला वाटलं, जाऊ दे लांब, ब्रिस्बेनला. तिथं कोण आपल्याला ओळखतंय. गावातल्या कपाटापेक्षा तिथंच बरा.

आणि तुम्ही काय केलंत! विमानातून उतरलात, यादी काढलीत आणि शाळेच्या कुंपणाशी उभं राहून नावं पुकारत सुटलात, मासळी विकल्यासारखी. ‘मलेता’ म्हणून माझं नाव घेतलंत, एझ्रानं हात वर केला — ‘ही माझी आई.’ दिलंत पाकीट त्याच्या हातात. वर डोक्यावरून हात फिरवलात, हुशार आहे म्हणालात. हुशारच आहे हो! आठ वर्षांचा हुशार पोरगा आणि पाकीट नुसतं दुमडलेलं. एवढं मोठं तुमचं सरकार, पाकीट चिकटवायला थुंकी नाही मिळाली?

हे बघा. दुसरं पान, काय काय हरवलं ते. तिसरी ओळ वाचा. मोठ्यानं नको! — मनात वाचा. एझ्रा, जन्मदाखला, आणि पुढं आईचं नाव. ते माझं नाव आहे का? आहे का?

छापायची चूक? छापायची चूक असती तर तुम्हाला चहा दिला असता.

डॉर्कस माझी नणंद. ते निळं छप्पर दिसतंय ना, नारळांच्या मागं, तिथं राहते. तिला चार झाली, धडधाकट, आणि माझं एकही पोटात राहिना. एकदा आम्ही दोघी चटई विणत बसलो होतो, तिला आठवा लागलेला, मान खाली घालून विणता विणताच म्हणाली, ‘हे तुझं.’ बस. सही नाही, वकील नाही, मी नुसती तिच्या हातातली पट्टी घेतली आणि पुढं विणत बसले. आमच्यात असंच असतं. देणारी देते आणि तोंड मिटते, घेणारी आई होते. दवाखान्यानं त्यांच्या रीतीनं जिच्या पोटातून आला तिचं नाव लिहिलं. सगळ्या बेटाला ठाऊक आहे. दारू पिऊन एकमेकांची डोकी फोडतात ना इथं, तेव्हासुद्धा हे कोणी तोंडातून काढत नाही. तुम्ही शुद्धीत असून काढलंत.

बघा, मी पण बोलून गेले. तुम्हाला कशाला सांगतेय मी? विसरा.

वाचलं का त्यानं? तेच तर कळत नाही! पाकीट टेबलावर ठेवलं, भात-मासे खाल्ले. रोज दुसऱ्यांदा मागतो, आज नाही मागितलं. म्हणाला, ‘आई, डॉर्कस आत्यालापण पत्र आलंय का गं?’ मी म्हटलं, मला काय माहीत, जेव गुपचूप. — आई म्हणाला, ऐकलंत ना? आईच म्हणाला. मग ताट धुतलं. कधी धुतो का तो ताट? मारून धुवून घ्यावं लागतं. आणि गेला. शाळेत नाही, मी विचारून आले. होड्यांकडे नाही. डॉर्कसकडे... डॉर्कसकडे मी गेले नाही.

तो आवाज? काही नाही. घर खांबांवर आहे, खाली सावली असते, कोंबड्या खुडबुडतात.

नको मला तुमची माफी. चोरांना माझा फोटो द्या, नोआची होडी द्या, ती एक ओळ तेवढी खोडा. नाही येत खोडता? मग ऐका. त्याची पहिली दाढी होईल त्या दिवशी आम्ही सांगणार होतो. मामा वस्तरा लावतो, सगळं गाव जेवायला बसतं, तेव्हा — एका बाजूला मी, एका बाजूला डॉर्कस. ठरलेलं होतं. तोवर तो माझा होता, बाई. इतकी वर्षं होती माझ्या हातात अजून, ती तुम्ही दुमडून पाकिटात घातलीत. डॉर्कस परत मागायची नाही, मेली तरी नाही. पण तोच उठून गेला तर? तिथं त्याची चार सख्खी भावंडं आहेत. हसतो तेव्हा अगदी तिच्यासारखा हसतो — गालावर इथं खळी पडते — मी तेव्हा दुसरीकडे बघते. आठ वर्षं दुसरीकडे बघतेय मी. नोआलासुद्धा माहीत नाही हे...

पुन्हा वाजलं. कोंबड्याच आहेत, म्हटलं ना —

कोंबड्या तर तिकडं नळापाशी आहेत.

एझ्रा?

एझ्रा, घराखालून वर ये, राजा. मी नाही रागावत. भात ठेवलाय तुझा.

तुम्ही उठा. उठा म्हणते ना, ते भांडं राहू द्या तिथंच. विमानाला वेळ आहे अजून, ते निळं छप्पर वाटेवरच लागतं. पोरांना हाक मारू नका, यादी काढू नका. दारात उभ्या राहा आणि तिला एकटीला सांगा — मलेतानं बोलावलंय म्हणावं, एझ्राला कळलं. एवढं तरी नीट पोचवा.